आठ गण आणि तीन नाणी

मराठीच्या तासाला वृत्ते शिकवताना ‘यमाताराजभानसलगा’ हे दहा अक्षरांचे सूत्र पाठ करून घेतात. पहिल्या आठांपैकी कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यावीत, त्यांचे लघू-गुरू पाहावेत, की त्या नावाचा गण हाती येतो. यमाता म्हणजे लघू-गुरू-गुरू, मातारा म्हणजे तिन्ही गुरू, नसल म्हणजे तिन्ही लघू. गण आठच का, सात किंवा नऊ का नाहीत, हे मात्र त्या तासाला सहसा कोणी विचारत नाही. पुढे दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण येते. तीन नाणी एकदम फेकली तर नमुना अवकाश काय, असा प्रश्न येतो आणि वहीत आठ निष्पत्ती उतरतात. आता गुरूच्या जागी छापा आणि लघूच्या जागी काटा ठेवून पाहा. न गण म्हणजे तिन्ही काटे. भ, ज आणि स यांत एकेक छापा, य, र आणि त यांत दोन-दोन, म गणात तिन्ही. एक, तीन, तीन, एक. म्हणजे शाळेत एकच गोष्ट दोन तासांना दोन नावांनी शिकवली जाते आणि ती एकच आहे हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. (त्या दहा अक्षरांत लघू-गुरूंच्या आठही तिकड्या प्रत्येकी एकदाच येतात, एकही दोनदा येत नाही, हे किती सुंदर आहे! अशा रचनांना आज गणितात द ब्रॉइन या डच गणितज्ञाचे नाव आहे. त्याचा त्यावरचा लेख १९४६चा.)

गणांची ही जोड मला महत्त्वाची वाटते, कारण संभाव्यता मुळात मोजणीची विद्या आहे. ‘अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती’ हा भागाकार तिची शेवटची ओळ आहे. खरे काम त्या ओळीच्या आधी होऊन गेलेले असते. आपल्याकडे शिकवताना ती शेवटची ओळ पहिली येते. सूत्र चौकटीत लिहिले जाते आणि त्यात भरायचे दोन आकडे कुठून आणायचे हे दोन-तीन नमुना उदाहरणांवर सोडले जाते. मुले भागाकारात चुकत नाहीत. ती चुकतात ती काय मोजायचे यात, आणि कोणत्या गोष्टींना सारखे वजन द्यायचे यात.

साधेच उदाहरण घ्या. दोन नाणी फेकली. दोन्ही छापे, दोन्ही काटे, किंवा एक छापा एक काटा: प्रकार तीन, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता एक तृतीयांश. हे उत्तर मठ्ठ मुलाचे आहे असे कोणी समजू नये. फ्रान्सचा थोर गणितज्ञ द’आलंबेर याने १७५४ साली प्रसिद्ध विश्वकोशातल्या छापा-काट्यावरील लेखात जवळपास हीच वाट धरली. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची शक्यता किती? तो म्हणतो, पहिलाच छापा पडला तर खेळ तिथेच संपला. नाहीतर आधी काटा मग छापा, किंवा दोन्ही काटे. प्रकार तीन, अनुकूल दोन, म्हणून दोन तृतीयांश. खरे उत्तर तीन चतुर्थांश आहे, कारण ‘पहिलाच छापा’ हा एक प्रकार दिसला तरी त्याच्या पोटात दोन निष्पत्ती आहेत. कलनशास्त्र उभे करणारा लायब्निट्झही असाच फसला होता. दोन फाशांवर अकरा आणि बारा पडणे सारखेच सोपे, असे त्याने मांडले, कारण अकरा फक्त पाच-सहानेच होतात आणि बारा फक्त सहा-सहाने. दोन फासे वेगळ्या रंगांचे घेतले की चूक लगेच दिसते: लाल पाच निळा सहा आणि लाल सहा निळा पाच ही दोन दाने आहेत, सहा-सहा हे एकच. छत्तीस निष्पत्तींत अकरा दोनदा, बारा एकदा. या दोघांना बेरीज-भागाकार येत नव्हता असे कोण म्हणेल?

उलट बाजूने पाहिले तर नीट मोजणाऱ्याचे काय होते, हेही इतिहासात आहे. तीन फासे टाकले की नऊ आणि दहा या दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनी होतात. तरीही दहा नऊपेक्षा किंचित जास्त वेळा पडतात, हे जुगाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. हा गुंता गॅलिलिओपुढे आला आणि त्याने एका छोट्या टिपणात तो सोडवला. तिन्ही आकडे वेगळे असतील तर त्यांच्या मांडण्या सहा, दोन सारखे असतील तर तीन, तिन्ही सारखे असतील तर एकच. नवाच्या यादीत तीन-तीन-तीन आहे आणि त्याची मांडणी एकच होते. दहाच्या यादीत असा तिहेरी प्रकार नाही. बेरीज केली की २१६ निष्पत्तींपैकी नवाच्या वाट्याला २५ आणि दहाच्या वाट्याला २७ येतात. फरक २१६मध्ये दोनाचा. तो शोधायला गॅलिलिओला कोणतेही नवे सूत्र लागले नाही, फक्त यादी लागली. १६५४ साली पास्कल आणि फेर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला आणि ज्यातून हे शास्त्र उभे राहिले, त्यातही असाच एक प्रश्न होता. एका फाशावर चार फेकींत निदान एकदा सहा पडेल अशी पैज लावणे फायद्याचे आहे: १२९६ निष्पत्तींपैकी ६२५मध्ये एकही सहा नाही, उरलेल्या ६७१ अनुकूल. मग दोन फाशांवर सहा-सहाची जोडी सहापट दुर्मीळ म्हणून सहापट फेकी, म्हणजे चोवीस, घेतल्या तर पैज तेवढीच फायद्याची राहील ना? त्रैराशिकाने होकार येतो. मोजणीने नकार येतो. शक्यता ४९ टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून कमी. जिथे त्रैराशिक लागू नाही तिथे ते लावण्याची सवय आपल्या मुलांतही खोलवर रुजलेली असते.

मोजणीच्या या विद्येचा आपल्याकडचा वारसा मोठा आहे आणि तो जवळचा आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू-गुरूंच्या सगळ्या रचना ठरावीक क्रमाने लिहून काढण्याची रीत आहे. तिला प्रस्तार म्हणतात. एकही रचना सुटू नये आणि एकही दोनदा येऊ नये, एवढाच प्रस्ताराचा नियम, आणि नमुना अवकाशाचाही तोच. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’च्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तेव्हा हा ग्रंथ आपल्याच मातीत शिकवला जात होता. अंकपाशात भास्कराचार्य विचारतात, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे आलटूनपालटून दिली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म? २४. मग ते एक पायरी वर जातात: दोन, दोन, एक, एक या अंकांपासून चार अंकी संख्या किती? चोवीस नव्हे, सहाच, कारण सारख्या अंकांची अदलाबदल केल्याने नवी संख्या होत नाही. आणि त्या सहांची बेरीज ९९९९. या प्रकरणाबद्दल त्यांनी दिलेला इशारा मला फार मोलाचा वाटतो. येथे गुणक, भाजक, वर्ग, घन असले काहीच विचारलेले नाही, तरी ज्यांना आपल्या गणिताचा गर्व आहे ते बटू या पाशात हमखास अडकतील, असे ते म्हणतात. आकडेमोडीत पटाईत असलेला विद्यार्थी मोजणीत का अडखळतो, याचे साडेआठशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही वर्गाला लागू पडते.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप असा असेल की, याद्या लिहीत बसायला वेळ कोणाकडे आहे, आणि छत्तीस लाख मूर्तींची यादी कोण करणार? छत्तीस लाखांची कोणीच करू नये. तीन आयुधांच्या सहा मूर्ती मुलाने स्वतः लिहाव्यात, मग चारांच्या चोवीस. चौथे आयुध आले की त्याच्या चार जागा, आणि प्रत्येक जागेसोबत जुन्या सहा मांडण्या, हे लिहिता लिहिता त्याच्या लक्षात येते आणि तिथून पुढे तो यादी सोडून गुणाकार करू लागतो. तो गुणाकार त्याचा स्वतःचा असतो. मांडणी आणि निवड यांतला फरकही असाच कळतो. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ८९ टक्के आहे, यावर मोठ्यांचाही विश्वास बसत नाही, कारण आपण मुले मोजतो. मोजायच्या असतात जोड्या, आणि चाळीस मुलांच्या जोड्या ७८० होतात. तेवीस मुलांच्याही २५३ होतात, आणि तेवीस जणांतच ही शक्यता निम्म्यापलीकडे जाते. हे ज्याने एकदा नीट मोजले त्याला निवडीचे सूत्र पुन्हा पाठ करावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. मोजणी कितीही अचूक केली, तरी सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत हे आपण गृहीतच धरतो. ते मोजून कळत नाही. इथे आपल्या घरातल्या कवड्या फाशांपेक्षा चांगला धडा देतात. अष्टाचंगा चार कवड्यांनी खेळतात. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडते, म्हणजे पुन्हा लघू-गुरूच, या वेळी चार अक्षरांचे, आणि रचना सोळा. एकही उताणी नाही असे एक दान, एक उताणी असे चार, दोन उताण्या असे सहा, तीन असे चार, चारही उताण्या असे एक. खेळाचे नियम गावोगाव थोडे बदलतात, पण चारही उताण्या किंवा चारही पालथ्या या दोन दानांना मोल जास्त का, हे या यादीवरून उघड होते. मात्र कवडी म्हणजे नाणे नव्हे. तिची एक बाजू फुगीर, दुसरी सपाट आणि चीर असलेली. दोन्ही बाजूंवर ती सारख्याच वेळा पडेल असे मानायला काहीच आधार नाही. मग ती पुष्कळ वेळा टाकून नोंद ठेवावी लागते. फेकी वाढवत नेल्या की प्रमाण खऱ्या संभाव्यतेजवळ स्थिरावू लागते, हे याकोब बर्नुली याने सिद्ध केले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३मध्ये बासेलला छापला गेला. म्हणजे मोजणी दोन प्रकारची झाली: शक्यतांची आणि घडलेल्या गोष्टींची. यादी सांगते सोळांत सहा. नोंद काही वेगळे सांगू लागली, तर गृहीतक तपासायचे. शाळेतल्या संभाव्यतेत ही दुसरी मोजणी जवळजवळ नसतेच, आणि मला तर तीच या विषयाची सर्वांत प्रामाणिक बाजू वाटते.

फासे, पत्ते, पैजा हे मुलांना शिकवूच नये, अशीही एक भावना पालकांत असते. तिच्यामागची काळजी खरी आहे. पण वर्गात हा विषय टाळल्याने तो रस्त्यावरून जात नाही. राज्याची अधिकृत लॉटरीच १९६९पासून चालू आहे. ज्याला मोजणी येत नाही त्याला ७७७७७ हा तिकीट क्रमांक ४८२१३पेक्षा विशेष वाटतो. लाख क्रमांकांत दोघांचा वाटा सारखाच, एक लाखांश. पैजेच्या भाषेतले ‘एकास पाच’ म्हणजे एक पंचमांश, असेही त्याला वाटते. वास्तविक एक अनुकूल आणि पाच प्रतिकूल, म्हणून एक षष्ठांश. सर्वांत घातक समज म्हणजे ‘आता तरी पालटेलच’. १९१३च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या जुगारगृहात चाक सलग सव्वीस वेळा काळ्या रंगावर थांबले. आता लाल येणारच, या खात्रीने लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागची फेक आठवत नाही. महाभारताच्या वनपर्वात जुगारात राज्य हरलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा भेटतो. तो धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती हे सांगतो. नळ रथ थांबवून ती प्रत्यक्ष मोजून खात्री करतो आणि मग ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो. त्या कथेत संभाव्यतेचे गणित आहे असा दावा मी करणार नाही. पण मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या कथाकाराने एकाच माणसाच्या हाती ठेवली आहे, आणि तिच्याच बळावर नळ राज्य परत मिळवतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर एवढे एक करून पाहा. चार कवड्या घ्या. आधी सोळा ओळींची यादी मुलांना त्यांच्याच हाताने लिहू द्या, चुकली तरी मध्ये बोलू नका. मग १६० दाने टाका आणि प्रत्येक दानात किती कवड्या उताण्या पडल्या ते रेघा मारून नोंदवा. कवड्या नाण्यासारख्या वागत असतील तर आकडे १०, ४०, ६०, ४०, १० यांच्या जवळपास यावेत. ते तसे आले नाहीत, तर का आले नाहीत, हे मुलांनाच विचारा.