चंद्र, पायवाट आणि पेरणी

एखाद्या चित्रकारास महिना-दीड महिना राहावयास खोली द्यावी, दोन वेळचे जेवण द्यावे, हिंडावयास रान मोकळे द्यावे आणि निरोप देतेवेळी त्याच्याकडे एकही चित्र मागू नये, हा व्यवहार आमच्या वाचकांस विचित्र वाटेल. सुतारास घरी बोलावून आठवडाभर जेवू घालावे आणि पाट न घेताच परत पाठवावे, तशातला हा प्रकार! परंतु युरोप-अमेरिकेत, आणि हल्ली आपल्या देशातही, कलावंतांचे असे मुक्काम भरविणाऱ्या संस्था आहेत. या मुक्कामास 'रेसिडेन्सी' असे नाव पडले आहे.

कल्पना तशी जुनी. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६६६ साली रोम शहरी एक अकादमी स्थापिली. तेथे होतकरू चित्रकार व शिल्पकार राजाच्या खर्चाने राहत, आणि प्राचीन कलाकृतींच्या प्रतिकृती करून राजाकडे पाठवीत. खाल्ल्या अन्नाचा हिशेब तेथे चोख होता. पुढे १९०७ साली अमेरिकेतील पीटरबरो या गावी, एडवर्ड मॅकडॉवेल नावाचे संगीतकार आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी आपल्या शेतवाडीत कलावंतांसाठी जागा केली. झाडीत एकेकास वेगळी खोली असे, आणि कामात खंड पडू नये म्हणून दुपारचे जेवण टोपलीत घालून दारापाशी ठेवून जात. आता त्याही पुढची पायरी आली आहे. कृतीपेक्षा करण्याला महत्त्व द्यावे, काय निर्माण झाले हे न विचारता दिवस कसा गेला हे पाहावे, असे या नव्या मुक्कामांचे धोरण. त्यांतल्या काहींत कलावंत नेमून दिलेल्या परिसरात रोज चालतो, तेथील माती, पाणी, जुनी नावे टिपून ठेवतो, आणि चंद्राच्या कला पाहून बी पेरतो. स्थळ, चाल आणि चंद्र ही तिन्ही एका गाठोड्यात बांधून दिली जातात. हे गाठोडे सोडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण तिन्ही वस्तूंची किंमत सारखी नाही. शिवाय तिसरी वस्तू थेट शेतकऱ्याच्या बियाण्याला आणि हंगामाला हात घालते.

प्रथम चालणे पाहू. १९६७ साली रिचर्ड लाँग हा बावीस वर्षांचा इंग्रज विद्यार्थी एका गवताळ माळावर गेला आणि एकाच सरळ रेषेत पुढे-मागे चालत राहिला. पायांखाली गवत दबत गेले, त्यावर ऊन पडले तेव्हा माळावर एक रेघ उजळून दिसू लागली. त्याने तिचे छायाचित्र घेतले आणि तो निघून गेला. बस, एवढेच. 'चालून केलेली रेघ' अशा अर्थाचे त्या कृतीचे नाव असून कलेच्या इतिहासात आज तिला मानाचे स्थान आहे. लाँग यांस १९८९ साली ब्रिटनमधील मानाचे टर्नर पारितोषिक मिळाले. त्यांचे समकालीन हॅमिश फुल्टन हे १९७३ साली स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत १,०२२ मैल ४७ दिवसांत चालले, आणि यापुढे स्वतः चाललेल्या वाटेतून जे निघेल तेवढीच कला करावयाची, असे त्यांनी ठरविले.

आमचे वाचक येथे हसतील हे आम्ही जाणतो. आमच्या बायाबापड्या डोक्यावर मोळी घेऊन रोज दोन कोस चालतात, त्यांच्या पायांखाली तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा पडल्या आहेत, त्यांस कोणी पारितोषिक दिले काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे एक उत्तर आपल्याच मुलखात घडलेले आहे.

डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे नाव पुष्कळांस ठाऊक असेल. शेणाने वा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी चित्र काढण्याची वारल्यांची रीत आहे. पूर्वी ही चित्रे मुख्यतः लग्नप्रसंगी सुवासिनी काढीत. मशे यांनी ती कागदावर व कापडावर आणली, आणि लग्नचौकाबाहेरचे जीवनही तीत आणले. भाताची लावणी, मासेमारीचे जाळे, गावाकडे येणाऱ्या नागमोडी वाटा, त्यांवरून चालणारी मुंगीएवढी माणसे असा सारा संसार त्यांच्या चित्रांत भरला आहे. २००३ साली रिचर्ड लाँग वारल्यांच्या त्या मुलखात आले, तेथे चालले, आणि तेथील भूमीवर त्यांनी आपल्या पद्धतीने काम केले. त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी दोघांच्या कृती शेजारी शेजारी मांडण्यात आल्या. एक जगभर चालून आलेला, दुसरा आपल्या पाड्याभोवतीच्या शेतांत आयुष्य काढलेला. परंतु दोघांचेही मूळ द्रव्य एकच होते : जमिनीवर उमटलेली माणसाच्या पायांची रेघ. मशे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. आमच्या मते त्या भेटीत शिकण्यासारखे पाहुण्याजवळ जितके होते, त्याहून यजमानाजवळ अधिक होते. पण पाहुणा चालत आला म्हणूनच त्याला ते दिसले, हेही विसरता कामा नये. मोटारीतून भाताचे खाचर हिरवे दिसते एवढेच. कोणत्या खाचरात पाणी आधी भरते, कोणत्या बांधाला खेकड्यांनी भोके पाडली आहेत, हे कळावयास पायच लागतात.

शेतातून चालण्याचे हे महत्त्व ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले होते. पाचव्या शतकात फ्रान्समधील व्हिएन नगरीवर आगी व भूकंप अशी संकटे कोसळली असता तेथील बिशप संत मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस उपास व मिरवणूक नेमून दिली. पुढे ही प्रथा सर्वत्र पसरली, आणि २५ एप्रिलच्या मोठ्या मिरवणुकीसह तिला 'रोगेशन' म्हणजे याचनेचे दिवस असे नाव मिळाले. संतांची आळवणी म्हणत लोक शिवारातून फिरत व धर्मगुरू पिकांवर आशीर्वाद मागत. इंग्लंडात याच मिरवणुकीत धर्मग्रामाची शीव पायी फिरून पाहत. पोरांना सोबत नेत, आणि सीमेच्या दगडापाशी त्यांना एखादी छडी लगावीत किंवा दगडावर आपटीत, ते अशासाठी की म्हातारपणीही त्यांनी हद्द विसरू नये! नकाशे नसलेल्या काळी तोच भूमापनाचा कागद. १९६९ सालच्या पंचांग-सुधारणेनंतर हे दिवस कसे व केव्हा पाळावे, हे ठिकठिकाणच्या बिशप मंडळांवर सोपविण्यात आले, आणि पुष्कळ ठिकाणी ते मागे पडले. आज कलावंत ज्याला नवा शोध म्हणून मिरवितात, ते आपल्या घरच्या माळ्यावर धूळ खात पडलेले आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता चंद्राकडे वळू. शुक्ल पक्षात जमिनीवर वाढणारी पिके पेरावी, वद्य पक्षात कंदमुळे लावावी, असा समज जगाच्या अनेक भागांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कोलुमेल्ला व प्लिनी या रोमन ग्रंथकारांनीही शेतीच्या कामांस चंद्राचे पक्ष जोडले आहेत. या जुन्या समजाला नवे रूप विसाव्या शतकात जर्मन भाषिकांत मिळाले. १९२४ साली रुडॉल्फ श्टायनर यांनी कोबरविट्झ येथील एका जहागिरीवर शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्याने दिली आणि भूमीचा ग्रहताऱ्यांशी संबंध सांगितला. त्यांच्या विचाराने चालणाऱ्या मारिया थून या बाईंनी मुळ्याचे बी वेगवेगळ्या दिवशी पेरून निरीक्षणे केली. चंद्र ज्या राशीत असेल त्याप्रमाणे मूळ, पान, फूल वा फळ यांस तो दिवस अनुकूल होतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि १९६३ पासून दरवर्षी पेरणीचे पंचांग प्रसिद्ध केले. बाई २०१२ साली वारल्या. कलावंतांच्या मुक्कामांत चंद्राची पेरणी शिरली, तिच्यामागे या पंचांगाचा मोठा हात आहे.

बाईंच्या चिकाटीस आम्ही नमस्कार करतो, परंतु सिद्धान्त मान्य करीत नाही. जर्मनीतच हार्टमुट श्पीस यांनी पुढे अनेक वर्षे प्रयोग केले. ते काही त्या पंथाचे विरोधक नव्हते. तरीही राशींचा तो परिणाम त्यांस आढळला नाही. २०२० साली स्पेनमधील संशोधकांनी या विषयावरील शास्त्रीय वाङ्मय तपासले, आणि चंद्राच्या कलांचा वनस्पतींच्या वाढीशी संबंध दाखविणारा विश्वसनीय पुरावा नाही असा निर्वाळा दिला. कारणही उघड आहे. पौर्णिमेच्या चंद्राहून सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी. तेव्हा चांदण्याने रोप कितीसे वाढणार? राहिली ओढ. समुद्रास भरती येते ती शेकडो कोस पसरलेल्या पाण्यावर चंद्राची ओढ एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस उणी पडते म्हणून. घरच्या हंड्यात भरती आलेली कोणी पाहिली आहे काय? मग मुळ्याच्या देठात ती कोठून येणार!

आमच्या शेतकऱ्यांच्या परंपरेतही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, हस्ताचा पाऊस असे आपण म्हणतो, तेव्हा ती नक्षत्रे चंद्राची नसून सूर्याची असतात. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दरवर्षी जूनच्या ७ वा ८ तारखेस. नुसत्या चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे ऋतूंपेक्षा अकरा दिवसांनी तोकडे. म्हणून तर पंचांगात अधिक मास घालावा लागतो. सण-उत्सव चंद्रावर ठेवले तरी तिफण मात्र आपल्या पूर्वजांनी सूर्यावरच चालविली. आपला पुनरुत्थानाचा सणही चंद्राकडे पाहूनच ठरतो : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, आणि म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान हलत असतो. येथे चंद्र घड्याळाचे काम करतो. घड्याळ पाहून आपण आगगाडी गाठतो, पण गाडीला ओढते ते इंजिन, घड्याळ नव्हे.

चंद्राची सत्ता शेतावर जेथे खरोखर चालते, ती जागा गोव्यातील आमच्या वाचकांस चांगली ठाऊक आहे. नद्यांच्या मुखाकडील खाजन शेते भरतीच्या पातळीहून सखल. खारे पाणी बाहेर राहावे म्हणून त्यांस बांध, आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारे अशी बसविलेली असतात की भरतीचे पाणी चढले की त्याच्याच रेट्याने ती मिटतात, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर बांधावर रात्रभर जागता पहारा ठेवावा लागतो, कारण एकदा बांध फुटून खारे पाणी भाताच्या मुळाशी गेले की पीक हातचे जाते, आणि जमिनीतील खारटपणा धुऊन निघावयास पुढील पावसाळ्यांची वाट पाहावी लागते. पूर्वी गावकरी संस्था बांधांची डागडुजी करवीत. जेथे ती व्यवस्था ढिली पडली तेथे पाणी आत घुसले आणि भाताच्या जागी झुडपे माजली. चंद्राच्या तिथी पाठ असणे येथे खरोखर उपयोगाचे, आणि त्यासाठी कोणाला राशी मोजाव्या लागल्या नाहीत. एखाद्या कलावंतास चंद्र, चाल आणि स्थळ यांचा अभ्यास खरोखर करावयाचा असेल, तर त्याने पंचांग बाजूस ठेवून मानस राखणाऱ्याबरोबर एक महिना बांधावरून चालावे असे आम्ही सुचवू.

कोणी म्हणेल, चित्रकाराने चार बिया चंद्र पाहून पेरल्या तर कोणाचे काय बिघडते? चित्रकाराचे काहीच बिघडत नाही. त्याचे जेवण टोपलीतून येते. परंतु शहरातील शिकलेली माणसे गावात येऊन एखादी गोष्ट आदराने करू लागली की गावातील तरुणांस ती शास्त्रसिद्ध वाटू लागते. बेळगावकडील शेतकऱ्यास वाफसा मिळतो तो मोजक्या दिवसांचा. बियाणे उसनवारीने आणलेले, बैलजोडी वा ट्रॅक्टर भाड्याचा. अशा वेळी योग्य तिथीसाठी चार दिवस थांबले आणि पाऊस लागून राहिला, तर पेरणी पंधरवडाभर लांबते आणि वर्षाचा हिशेब फिरतो. ओल पाहावी, ढग पाहावे, मूठभर माती दाबून पाहावी. चंद्र आपल्या जागी सुखरूप आहे.

तरीही ज्यांस आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी थून बाईंचीच वाट धरून परीक्षा करून पाहावी. खर्च मुळ्याच्या दोन-तीन पुड्यांचा. बी एकाच पिशवीतले घ्यावे. हिवाळ्यात, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, दर पौर्णिमेच्या दोन दिवस आधी एक वाफा पेरावा व दर अमावास्येच्या दोन दिवस आधी दुसरा. माती, खत, पाणी, अंतर सारखेच ठेवावे. एका जोडीवरून काही ठरवू नये, कारण थंडी-उन्हाचा फरक पडतो. निदान चार महिन्यांच्या जोड्या हव्यात. प्रत्येक वाफा पेरल्यापासून चाळीस दिवसांनी उपटावा, पाला काढून मुळे तोलावीत आणि वजन वहीत मांडावे. मात्र तोलण्याचे काम शेजाऱ्याकडे द्यावे, आणि कोणता वाफा कोणत्या पक्षातला, हे वही मिटेपर्यंत त्याला सांगू नये.