क्रॉसबोच्या प्रत्यंचेवरील वेष्टन : टिकाऊपणाची चाचणी आणि तिच्या मर्यादा

१. प्रस्तावना

धनुष्याविषयीच्या लेखनात भुजांची ताकद, बाणाचा वेग आणि नेमातील अचूकता यांची चर्चा पुष्कळ आढळते. प्रत्यंचेच्या मध्यभागी गुंडाळलेल्या वीतभर दोऱ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या गुंडाळीस इंग्रजीत ‘सर्व्हिंग’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘वेष्टन’ हा शब्द योजला आहे. वेष्टन म्हणजे प्रत्यंचेच्या मूळ धाग्यांचे कवच होय. ते झिजले की घर्षणाचा मार थेट मूळ धाग्यांवर बसतो आणि एखाद्या क्षणी प्रत्यंचा तुटते.

या घटनेचे गांभीर्य एका साध्या गणिताने लक्षात येईल. १५० पौंड, म्हणजे सुमारे ६६७ न्यूटन बलाची क्रॉसबो ३३ सेंटिमीटर ओढली आणि बल शून्यापासून समप्रमाणात वाढत गेले असे मानले, तर भुजांमध्ये सुमारे ११० ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोग्रॅमची वस्तू ११ मीटर उंचीवरून पडताना साधारण एवढीच ऊर्जा मिळते. प्रत्यंचा शाबूत असेल तर या ऊर्जेचा मोठा भाग बाण घेऊन जातो. ती तुटली तर तीच ऊर्जा भुजांत आणि चाकांत उसळते, भुजा फुटू शकतात आणि नेमबाजास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून ‘हे वेष्टन टिकाऊ आहे’ या विधानाचा अर्थ काय आणि ते कसे सिद्ध करावे, हा प्रश्न केवळ छंदापुरता उरत नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) वेष्टन कोठे व कशाने झिजते हे स्पष्ट करणे, (आ) चाचणीच्या प्रचलित मार्गांची बलस्थाने व मर्यादा दाखविणे, (इ) मोजक्या नमुन्यांवरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता येत नाही, याचे विवेचन करणे.

२. झिजेची ठिकाणे

साध्या किंवा कंपाऊंड धनुष्यात प्रत्यंचा हवेत मोकळी धावते. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. त्या प्रकारच्या धनुष्याच्या प्रत्यंचेवरही वेष्टन असते. परंतु ते कोणत्याही पृष्ठभागावर घासत जात नाही. क्रॉसबोची रचना निराळी आहे. तिच्यात दांड्यावर बसविलेल्या रेलवर प्रत्यंचा टेकलेली असते आणि प्रत्येक वेळी तिच्यावरून सरकते. या एका फरकामुळे क्रॉसबोच्या वेष्टनाचा प्रश्न स्वतंत्र ठरतो.

झीज प्रामुख्याने चार ठिकाणी होते. पहिले ठिकाण वेष्टनाचा खालचा भाग. तो रेलवर घासतो. दुसरे खटक्याची पकड. ओढलेली प्रत्यंचा तेथे धातूच्या दोन बोटांवर पूर्ण बलाने दाबली जाते आणि खटका सुटताना त्यांवरून निसटते. तिसरे ठिकाण बाणाच्या मागील टोकाशी होणारा संपर्क. चौथे, प्रत्यंचा ओढण्यासाठी दोरीचे आकडे वापरल्यास ते जेथे अडकतात तो भाग. याखेरीज प्रत्यंचेच्या टोकांवर वेगळे वेष्टन असते व ते भुजांच्या टोकांवर किंवा चाकांवर वळते. त्याची झीज घासण्याइतकीच वारंवार वाकण्यामुळे होते.

घासण्याचे अंतर मोजून पाहणे उद्‌बोधक आहे. ३३ सेंटिमीटर मागे आणि तेवढेच पुढे, असे एका बाणामागे ६६ सेंटिमीटर अंतर होते. पाचशे बाणांनंतर वेष्टनाचा तोच अरुंद पट्टा एकूण ३३० मीटर घासला गेलेला असतो. रेलचा पट्टा मात्र लांब असल्याने तिची झीज विभागली जाते. वेष्टन रेलच्या आधी झिजते याचे एक कारण हे आहे.

३. वेष्टनाचे पदार्थ

मध्ययुगीन युरोपात क्रॉसबोची प्रत्यंचा ताग किंवा जवस यांच्या वर्गातील वनस्पतिजन्य तंतूंची असे व तिच्या मध्यभागी दोऱ्याचे जाड वेष्टन असे. आज वापरात असलेले पदार्थ मुख्यतः तीन आहेत : नायलॉन, पॉलिएस्टर आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन. स्पेक्ट्रा व डायनीमा या व्यापारी नावांनी जो तंतू ओळखला जातो तो हा तिसरा पदार्थ होय. याशिवाय पॉलिएथिलीन व पॉलिएस्टर यांचे मिश्र दोरेही वापरले जातात.

या पदार्थांचे गुण परस्परविरुद्ध दिशांना जातात. पॉलिएथिलीनचे घर्षण अत्यल्प आणि घासण्यास प्रतिकार उत्तम. पण त्याच निसरडेपणामुळे त्याची पकड कमी असते व वेढे एकमेकांपासून सरकून फट पडण्याचा संभव असतो. शिवाय ते सुमारे १४५ ते १५५ अंश सेल्सिअसला वितळते. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळते, पाणी फारच कमी शोषते आणि वेढे चांगले धरून ठेवते; मात्र घासण्यास त्याचा प्रतिकार पॉलिएथिलीनहून कमी असतो. नायलॉन चिवट आहे, पण ते हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे पावसाळी व कोरड्या दिवसांत त्याचे वर्तन सारखे राहीलच असे नाही.

दोऱ्याची घडणही महत्त्वाची आहे. एकाच जाड तंतूचा दोरा गुळगुळीत व कठीण असतो, पण एका ठिकाणी तुटला की वेष्टन भराभर उलगडते. विणीचा दोरा आधी पिंजारतो, म्हणजे इशारा देतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा इशारा टिकाऊपणाइतकाच मोलाचा आहे.

४. ताणबळ म्हणजे टिकाऊपणा नव्हे

एक सर्वसाधारण गैरसमज असा की, जो तंतू ओढण्यास अधिक बळकट तो अधिक टिकाऊ. धनुर्विद्येच्या अलीकडच्या इतिहासातच याचे खंडन आढळते. ड्यू पाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ च्या सुमारास झालेल्या संशोधनातून केवलार हा तंतू पुढे आला. वजनाच्या प्रमाणात त्याचे ताणबळ पोलादाच्या सुमारे पाचपट सांगितले जाते. १९७० च्या दशकात त्याच्या प्रत्यंचा धनुर्धरांनी वापरून पाहिल्या. बाणांचा वेग वाढला. पण वारंवार तीव्र कोनात वाकण्याने हा तंतू थकतो व फारशी पूर्वसूचना न देता तुटतो, असा अनुभव आला. पुढे १९८० च्या दशकात पॉलिएथिलीनचे तंतू आले आणि केवलारच्या प्रत्यंचा मागे पडल्या. पदार्थ एका परीक्षेत प्रथम येऊन दुसऱ्या परीक्षेत नापास होऊ शकतो, हा यातील बोध आहे. वेष्टनाची परीक्षा घासण्याची, दाबाची व वाकण्याची असली पाहिजे. केवळ ओढण्याची नव्हे.

५. चाचणीचे मार्ग

पहिला मार्ग प्रयोगशाळेतील घासणयंत्राचा. वेष्टन केलेला प्रत्यंचेचा तुकडा ठराविक वजनाने ताणून, रेलच्याच धातूच्या तुकड्यावर पुढे-मागे घासला जातो आणि फेऱ्या मोजल्या जातात. कापडाच्या झिजेसाठी मार्टिंडेल यंत्राची पद्धत व दोऱ्यावर दोरा घासण्याची पद्धत प्रमाणित आहेत. त्यांतील मूळ विचार हाच. येथे वजन, अंतर व आर्द्रता आपल्या हाती राहतात.

तथापि या मार्गात वेगाचा प्रश्न उद्भवतो. दहा सेंटिमीटर अंतरात मिनिटाला साठ वेळा पुढे-मागे जाणाऱ्या यंत्राचा सरासरी वेग सेकंदाला ०.२ मीटर असतो. बाण सेकंदाला १०० मीटर वेगाने सोडणाऱ्या क्रॉसबोत प्रत्यंचा तो वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळात गाठते. घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा दर वेगाबरोबर वाढतो. म्हणून मंद यंत्रावर उष्णतेची परीक्षा होतच नाही, आणि कमी तापमानाला वितळणारे पॉलिएथिलीन तेथे वास्तवापेक्षा अधिक चांगले दिसण्याची शक्यता असते. उलटपक्षी वेळ वाचविण्यासाठी यंत्र न थांबता जलद चालविले, तर उष्णता साचत जाते. प्रत्यक्ष नेमबाजीत दोन बाणांमध्ये वेष्टनास थंड होण्यास वेळ मिळतो. तो यंत्रावर मिळत नाही. अशा वेळी तेच पॉलिएथिलीन अन्यायाने वाईट ठरेल. एकाच पदार्थाविषयी दोन प्रयोगशाळांनी विरुद्ध निष्कर्ष काढावेत आणि दोघांचीही मोजमापे बिनचूक असावीत, असे यातून घडू शकते.

दुसरा मार्ग प्रत्यंचा खटक्यापर्यंत ओढून, बाण न सोडता सावकाश परत नेण्याचा. यात पकडीचा दाब व आकड्यांची झीज खरी असते, पण सुटण्याचा वेग नसतो. तिसरा मार्ग प्रत्यक्ष बाण सोडण्याचा. हा वास्तवाच्या सर्वांत जवळचा. पण वेळखाऊ व खर्चिक आहे. यात बाणाचे वजन उत्पादकाने सांगितल्याहून कमी नसावे. बाणाविना खटका सोडणे ही चाचणीची पद्धत कधीही होऊ शकत नाही. त्यात सर्व ऊर्जा उपकरणावरच परतते.

तिन्ही मार्ग परस्परपूरक आहेत. यंत्राने अनेक पदार्थांतून मोजके निवडावेत व प्रत्यक्ष नेमबाजीने त्यांवर निर्णय द्यावा, हे योग्य ठरेल.

६. तुलनेतील समानता

०.०१४ इंच जाडीच्या एका पदार्थाची ०.०२४ इंच जाडीच्या दुसऱ्या पदार्थाशी तुलना केली, तर फरक पदार्थाचा की जाडीचा हे कळणार नाही. त्याचप्रमाणे वेष्टन गुंडाळतानाचा ताण, प्रत्यंचेतील धाग्यांची संख्या, रेलची स्वच्छता आणि वंगणाचे प्रमाण या गोष्टी समान ठेवाव्या लागतात. वंगण विशेष फसवे आहे. एका नमुन्याच्या वेळी रेल नुकतीच पुसून वंगण लावलेली आणि दुसऱ्याच्या वेळी धुळीने भरलेली असेल, तर आपण वेष्टनाची नव्हे, धुळीची चाचणी घेतलेली असते.

बॉक्स, हंटर व हंटर यांच्या १९७८ च्या संख्याशास्त्रावरील ग्रंथात मुलांच्या बुटांचे उदाहरण आहे : प्रत्येक मुलाच्या एका बुटाला एक तळवा व दुसऱ्या बुटाला दुसरा, म्हणजे मुलाच्या चालण्यातील फरक तुलनेत येत नाही. क्रॉसबोत वेष्टनाचा डावा अर्धा भाग एका पदार्थाचा व उजवा दुसऱ्याचा करण्याचा मोह होईल. तो टाळावा, दोन बाजूंचे घर्षण असमान झाल्यास प्रत्यंचा एकीकडे ओढली जाते, आणि मधला सांधा नेमका बाणाच्या टोकाशी येतो. त्याऐवजी एकाच क्रॉसबोवर वेगवेगळ्या प्रत्यंचा चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या क्रमाने लावाव्यात.

७. निकामी कधी म्हणावे?

चाचणी सुरू करण्यापूर्वीच निकामीपणाची व्याख्या लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. पुढील पायऱ्या उपयुक्त ठरतील : (१) पृष्ठभाग पिंजारणे, (२) गोल वेष्टन चपटे होणे, (३) वेढ्यांत फट पडणे किंवा वेष्टन जागेवरून सरकणे, (४) वेष्टनाचा दोरा तुटणे, (५) मूळ धागे उघडे पडणे. प्रत्येक पायरी कितव्या बाणानंतर आली याची नोंद ठेवावी, मायक्रोमीटरने जाडी मोजावी आणि शक्य असल्यास कोणता नमुना कोणत्या पदार्थाचा हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून पाहणी करून घ्यावी. वापरणाऱ्याने तिसऱ्या पायरीवरच वेष्टन बदलणे इष्ट. म्हणून तिसऱ्या पायरीपर्यंतचे आयुष्य हेच उपयुक्त आयुष्य समजावे. पाचव्या पायरीपर्यंत टिकणारा पण तिसरी लवकर गाठणारा पदार्थ टिकाऊ म्हणता येणार नाही.

८. नमुन्यांची संख्या

दोन पदार्थ वस्तुतः समान असले, तरी प्रत्येकी एकच नमुना घेतल्यास त्यांतील एक अधिक टिकल्याचे जवळजवळ निश्चितच दिसेल. अ पदार्थाचे सर्व नमुने ब च्या सर्व नमुन्यांहून अधिक टिकले, ही घटना केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता प्रत्येकी एक नमुना असता २ पैकी १, दोन असता ६ पैकी १, तीन असता २० पैकी १ आणि पाच असता २५२ पैकी १ एवढी असते. एका प्रत्यंचेच्या अनुभवावरून दिलेले शिफारसपत्र म्हणजे नाणेफेक होय, हे यावरून स्पष्ट व्हावे.

चाचणी संपेपर्यंत निकामी न झालेले नमुने गाळू नयेत. ‘किमान इतके बाण टिकला’ अशी त्यांची नोंद विश्लेषणात धरली नाही, तर सर्वोत्तम पदार्थाचेच आयुष्य कमी दिसते. वालोडी वायबुल यांनी १९५१ मध्ये मांडलेले वितरण अशा आयुर्मानाच्या विश्लेषणासाठी सर्वत्र वापरले जाते.

९. निष्कर्ष

(१) टिकाऊपणा हा पदार्थाचा स्वतंत्र गुण नसून पदार्थ, घडण, जाडी, रेल, वंगण, वेग व हवामान यांच्या संबंधाचा गुण आहे. परिस्थिती न सांगता केलेले टिकाऊपणाचे विधान अपुरे असते.

(२) प्रवेगित चाचणी झिजेचे कारण बदलत नसेल तरच ग्राह्य मानावी. वेग फार कमी किंवा विश्रांती फार थोडी असल्यास पदार्थांचा क्रमच उलटू शकतो.

(३) निकामीपणाची व्याख्या आधी आणि मोजणी नंतर, हा क्रम पाळला पाहिजे. तसेच प्रत्येकी किमान पाच नमुने घ्यावेत.

हा विषय महाविद्यालयीन प्रकल्पासाठीही विचारात घेण्याजोगा आहे. घासणयंत्र, वजने, दोऱ्याची रिळे व मायक्रोमीटर एवढ्या साहित्यावर, प्रत्यक्ष क्रॉसबोला हात न लावता, पदार्थविज्ञान आणि संख्याशास्त्र या दोन विभागांचे विद्यार्थी तो एकत्र करू शकतील. दोऱ्याच्या वीतभर गुंडाळीवर ते जे शिकतील ते वाहनाच्या पट्ट्याला, लिफ्टच्या दोराला आणि गिर्यारोहकाच्या दोरखंडालाही लागू पडेल. कारण तेथेही कोणाचा तरी जीव ‘टिकाऊ’ या एका शब्दाच्या भरवशावर असतो.