पहारा होता, पण...

धाकट्या बहिणीच्या बायोप्सीच्या रिपोर्टात एक ओळ होती : ‘पी-५३ स्ट्राँगली पॉझिटिव्ह’. पी-५३ हे कर्करोगाला आवरणारं प्रथिन, एवढं माझ्या वाचनात होतं. १९९२ साली डेव्हिड लेन यांनी त्याला जनुकसंचाचा रखवालदार म्हटलं होतं. रखवालदार भरपूर आहेत, म्हणजे बरंच की! बहिणीला तसं सांगूनही बसलो.

डॉक्टर म्हणाले, उलट आहे. निरोगी पेशीत हे प्रथिन जेमतेम असतं, कारण पेशी ते सतत मोडत असते. बिघडलेलं मात्र मोडलं न जाता साठत राहतं. ३९३ अमिनो आम्लांची ही माळ. तिला नेमकी घडी पडली तरच ती डीएनएला धरते आणि बिघडलेल्या पेशीची वाढ रोखते. १७५व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं, की जस्ताच्या एका अणूवरची तिची पकड सुटते आणि घडी विस्कटते. त्यात हे रेणू चौघांच्या जुटीनं काम करतात. वाकडे शिरले, की चांगल्यांचंही काम अडतं.

हे मला चटकन कळलं. बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. एकाची वाकली, तर दुसऱ्याची सरळ असून काय उपयोग?

१९७९ साली सापडल्यावर दहा वर्षं शास्त्रज्ञही याला कर्करोग घडवणाराच समजत होते. हाती बिघडलेले नमुने लागले होते. (माझी चूक त्यामानानं लहान.)

बहिणीला पुन्हा सगळं सांगितलं.

“म्हणजे रखवालदार फितूर झाला, दादा?”

“फितूर नाही गं. त्याची घडी मोडली.”

मग तिनं केमोची पुढची तारीख विचारली. मी ती कॅलेंडरवर लिहिली.