एक संगणक, दोन पडदे : कार्यालयातून आणि वर्गातून

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. त्यात दाखल-खारीज रजिस्टरे ठेवलेली आहेत. पातूर शहरातून आणि तालुक्यातील खेड्यापाड्यांतून येथे शिकायला व राहायला आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण त्या पानांवर शाईने लिहिलेले आहे. माजी विद्यार्थी वीस-पंचवीस वर्षांनी दाखल्याच्या प्रतीसाठी येतात, तेव्हा याच पानांवरून बोट फिरवून आम्ही त्यांचे नाव शोधतो आणि नाव सापडले की दोघांनाही आनंद होतो.

आता हीच माहिती संगणकावरही भरावी लागते. यू-डायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते. शिष्यवृत्तीचे अर्जही ऑनलाइन भरले जातात. रजिस्टरातील नाव, आधारवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांत एका अक्षराचाही फरक पडला, तर अर्ज अडकतो. शिष्यवृत्ती म्हणजे काय हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हा इतिहास आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. तोच इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातून एखाद्या मुलाच्या नावातील एक काना सुटावा आणि त्याचा अर्ज परत यावा, यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही.

या कामासाठी आम्ही एका संगणकाला दोन मॉनिटर जोडले. डावीकडे रजिस्टराच्या पानाचे छायाचित्र, उजवीकडे भरावयाचा अर्ज. पूर्वी एकच पडदा असताना एक खिडकी झाकून दुसरी उघडावी लागे आणि मधल्या क्षणात अक्षरे स्मरणात धरावी लागत. चुका त्या मधल्या क्षणातच होत. दोन्ही कागद एकाच वेळी डोळ्यांसमोर आले आणि चुका कमी झाल्या. प्रस्तुत लेखात ही जोडणी कशी करावी, हे आमच्या अनुभवावरून सांगण्याचा हेतू आहे. परंतु त्याआधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

एक चूक

काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला आम्ही प्रोजेक्टरवर पातूरच्या लेण्यांची छायाचित्रे दाखवत होतो. तेवढ्यात कार्यालयातून निरोप आला की शिष्यवृत्तीच्या यादीतील एक नोंद तातडीने तपासून हवी आहे. आम्ही छायाचित्रे बाजूला सारून यादी उघडली. आपल्यासमोरच्या मॉनिटरवर जे दिसते तेच मागच्या भिंतीवरही दिसते आहे, हे आमच्या ध्यानी आले नाही. विद्यार्थ्यांची नावे, जात, पालकांचे वार्षिक उत्पन्न आणि वडिलांच्या रकान्यात लिहिलेला 'मयत' हा शब्द साऱ्या वर्गाने वाचला. ज्या मुलाच्या नावापुढे तो शब्द होता, त्याने मान खाली घातली. पुढे दोन दिवस तो पहिल्या बाकावर बसला नाही. आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिलीही. पण त्या दिवशी आम्हांस कळले की दोन पडदे जोडणे हे पाच मिनिटांचे काम आहे, कोणत्या पडद्यावर काय दिसावे हे ठरवणे मात्र शिक्षकाची जबाबदारी आहे.

थोडा इतिहास

एका संगणकाला दोन पडदे ही कल्पना नवी नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात अक्षरांसाठी एक आणि रंगीत चित्रांसाठी दुसरे अशी दोन वेगळी कार्डे बसवून दोन मॉनिटर चालवता येत असत. १९८७ साली आलेल्या मॅकिंटॉश-२ या संगणकात अनेक पडदे मिळून एकच मोठे टेबल असल्यासारखे वापरण्याची सोय झाली. विंडोज वापरणाऱ्या सामान्य माणसाला ही सोय १९९८ सालच्या 'विंडोज ९८'पासून मिळाली. आज साध्या कार्यालयीन संगणकातही ती असते. बहुतेकांना ती आहे हे ठाऊक नसते, एवढेच.

मागची बाजू ओळखणे

प्रथम सीपीयूची मागची बाजू पाहावी. तेथे मॉनिटरसाठी सहसा चार प्रकारचे पोर्ट आढळतात. निळ्या रंगाचे, पंधरा छिद्रांचे आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेले पोर्ट म्हणजे व्हीजीए. ते १९८७ पासूनचे. बहुधा पांढऱ्या रंगाचे, त्याहून रुंद आणि स्क्रूचे ते डीव्हीआय, १९९९ मधले. चपटे, खालचे दोन कोपरे निमुळते असलेले एचडीएमआय २००२ मध्ये आले. तेच आपल्या घरच्या टीव्हीला असते. चपटेच, पण एकच कोपरा कापलेले ते डिस्प्लेपोर्ट, २००६ मधले. मॉनिटरच्या मागेही यांपैकीच एखादे असते. दोन्हीकडे सारखे पोर्ट असेल तर साधी केबल पुरते. ते सारखे नसेल तर कन्व्हर्टर लागतो आणि पैसे वाया जातात ते येथेच.

आमचेही गेले. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए होते आणि नव्या सीपीयूला केवळ एचडीएमआय. बाजारातून आम्ही जो कन्व्हर्टर आणला, तो व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा निघाला. आम्हांस हवा होता नेमका त्याच्या उलट. दिसायला दोन्ही सारखेच. कन्व्हर्टरला दिशा असते. सीपीयूचे पोर्ट पहिले आणि मॉनिटरचे पोर्ट दुसरे, या क्रमाने दुकानदाराला सांगावे. एचडीएमआयचा संकेत डिजिटल असतो आणि व्हीजीएचा ॲनालॉग. म्हणून या दोहोंमध्ये रूपांतर करणारे छोटे सर्किट असलेला कन्व्हर्टरच लागतो, नुसती तार चालत नाही. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी स्वस्त केबलही उलट लावून चालत नाही.

आणखी एक वस्तू फसवते, ती म्हणजे 'स्प्लिटर'. एका पोर्टातून दोन केबली काढणारी ही पेटी दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवते. सभागृहात दोन ठिकाणी एकच कार्यक्रम दाखवायचा असेल तर ती उपयोगी पडते. रजिस्टर एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे, हे काम तिच्याने होत नाही. त्यासाठी सीपीयूलाच दोन स्वतंत्र पोर्ट असावे लागतात.

किती मॉनिटर चालतील, हे पोर्टांच्या संख्येवरच ठरत नाही. प्रोसेसरमधील चित्रव्यवस्था बहुधा दोन किंवा तीन मॉनिटर चालवते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर अनेकदा चार चालतात. असे कार्ड बसवलेले असेल तर केबली कार्डाच्या पोर्टांना लावाव्यात. कीबोर्ड-माउसच्या शेजारी मदरबोर्डवर असलेली पोर्टे अशा वेळी पुष्कळदा बंद राहतात. मग मॉनिटर बिघडला असे समजून माणूस तो दुरुस्तीला नेतो.

चार पर्याय

केबली जोडून दोन्ही मॉनिटर सुरू झाले की कीबोर्डवरील विंडोजची कळ दाबून धरावी आणि 'पी' दाबावा. चार पर्याय दिसतात. पहिल्यात केवळ मूळ मॉनिटर चालू राहतो. दुसरा 'डुप्लिकेट', म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. तिसरा 'एक्स्टेंड', म्हणजे दोन पडदे मिळून एक रुंद टेबल. चौथ्यात केवळ दुसरा पडदा चालतो. आमच्या हातून चूक झाली त्या दिवशी संगणक 'डुप्लिकेट'वर होता. तो 'एक्स्टेंड'वर असता तर भिंतीवर लेणी राहिली असती आणि यादी आमच्यापुरती राहिली असती.

'डुप्लिकेट'चा आणखी एक तोटा असा की दोन्ही पडद्यांना झेपेल अशाच आकारात चित्र येते. मॉनिटर १९२० बाय १०८० चा आणि जुना प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा असेल, तर चांगल्या मॉनिटरवरची अक्षरेही फुगीर व अस्पष्ट दिसू शकतात.

'एक्स्टेंड' निवडल्यावर डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. तेथे १ आणि २ असे आकडे लिहिलेले दोन चौकोन दिसतात. 'आयडेंटिफाय' दाबले की ते आकडे प्रत्यक्ष मॉनिटरवर उमटतात. टेबलावर जो मॉनिटर डावीकडे आहे त्याचा चौकोनही माउसने ओढून डावीकडे ठेवावा. हे न केल्यास बाण उजवीकडे सरकवला तरी तो काठावर अडतो आणि नवख्या माणसाला माउस बिघडल्याचा भास होतो. ज्या मॉनिटरसमोर आपण नीट बसतो, तो निवडून 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' यावर खूण करावी. एका मॉनिटरवरची अक्षरे लहान आणि दुसऱ्यावरची मोठी दिसत असतील, तर 'स्केल'मध्ये टक्केवारी बदलून ती जुळवता येतात.

खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर न्यायची असल्यास विंडोज आणि शिफ्ट या कळा धरून डावा किंवा उजवा बाण दाबावा. दुसरा मॉनिटर बंद असताना एखादी खिडकी तिकडेच अडकून राहिली, तर तीही याच युक्तीने परत येते.

रजिस्टराचे पान उभे असते आणि मॉनिटर आडवा. ज्या मॉनिटरचे स्टँड फिरते, तो उभा करून 'ओरिएंटेशन'मध्ये 'पोर्ट्रेट' निवडले की पूर्ण पान एकाच नजरेत येते. स्टँड फिरत नसेल तरी बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची छिद्रे असतात. त्यांच्या आधारे तो भिंतीवर किंवा फिरत्या दांड्यावर बसवता येतो.

पडदा काळा राहिला तर

'नो सिग्नल' अशी अक्षरे दिसली की घाबरू नये. आधी मॉनिटरच्या बटणांतून योग्य 'इनपुट' निवडले आहे का ते पाहावे. मग केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का ते पाहावे. मग दुसऱ्या मॉनिटरची चालती केबल लावून पाहावी. या तीन पायऱ्यांनी दोष कोठे आहे ते बहुतेक वेळा कळते. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसाठी साधी एचडीएमआय केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. दहा मीटरच्या पुढे ती भरवशाची राहत नाही.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून सीपीयू आणि मुख्य मॉनिटर यूपीएसवर ठेवावेत, दुसरा मॉनिटर साध्या प्लगवर असला तरी चालते. वीज गेली की दुसरा पडदा विझतो, पण भरत असलेला अर्ज समोर राहतो. एलईडी मॉनिटरला साधारण २० ते ३० वॅट पुरतात. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला याच्या कितीतरी पट वीज लागत असे. सर्व उपकरणांना अर्थिंग असलेलेच बोर्ड असावेत.

आमचे नियम आणि एक विनंती

त्या प्रसंगानंतर प्रोजेक्टरच्या टेबलावर आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन ओळी आहेत. वर्गात नेहमी 'एक्स्टेंड' ठेवावे. प्रोजेक्टर सुरू असताना यादी, अर्ज किंवा मोबाइलवरील संदेश उघडू नये. उघडणे भागच असेल तर आधी प्रोजेक्टर बंद करावा. कार्यालयात दुसरा मॉनिटर खिडकीकडे किंवा अभ्यागतांच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवू नये. 'एक्स्टेंड' असताना माउसच्या एका झटक्याने खिडकी भिंतीवर जाऊ शकते, म्हणून दुसरा नियम पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नवीन शिक्षक रुजू झाले की त्यांना हा कागद वाचायला देतो आणि तो का लावला आहे, तेही सांगतो. मुलाचे नाव मात्र सांगत नाही.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळजण आज कार्यालयांत, बँकांत आणि मोठ्या शहरांतील कंपन्यांत काम करतात. घरी नवा मॉनिटर घेतला की जुना माळ्यावर जातो. चालू स्थितीतील असा मॉनिटर विद्यालयाला द्यावा. सोबत त्याची केबल आणि विजेची वायर द्यावी, व मागे कोणते पोर्ट आहे ते चिठ्ठीवर लिहावे. सीपीयू देणार असाल तर त्यातील हार्ड डिस्क आधी पूर्ण पुसून घ्यावी, कारण आपली खासगी माहितीही इतरांच्या नजरेस पडू नये असेच आम्हांस वाटते. एका मॉनिटरने विद्यालयाचे सारे प्रश्न सुटणार नाहीत. पण जून महिन्यात प्रवेशाच्या गर्दीत रजिस्टर आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून एखाद्या मुलीचे नाव पहिल्याच वेळी बरोबर लिहिले जाईल आणि तिची शिष्यवृत्ती वेळेवर येईल. आम्हांस तेवढे पुरेसे आहे.