(कर्वे १९५३) म्हणजे नेमके कोण?

समाजशास्त्रावरच्या मराठी प्रबंधात वाक्याच्या शेवटी (कर्वे १९५३) एवढेच छापलेले आहे असे समजा. वाचकाने संदर्भसूची उघडली की त्याला इरावती कर्वे यांचा भारतीय नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ सापडायला हवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला. पण त्याच प्रबंधात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या शेवटच्या वर्षातला र. धों. कर्वे यांचा एखादा लेखही आधाराला घेतला असेल, तर त्याचेही साल १९५३. थोरले दीर आणि भावजय, दोघेही एकाच कंसात. अशा वेळी ‘(इ. कर्वे १९५३)’ आणि ‘(र. धों. कर्वे १९५३)’ असा भेद करावा लागतो. तो वेळेवर लक्षात आला नाही, तर एकाचे विधान दुसऱ्याच्या नावावर जाते.

आडनाव आणि साल देण्याच्या या पद्धतीचा उगम सहसा एडवर्ड लॉरेन्स मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे नेला जातो. बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्याचे फलन आणि विभाजन यांवरच्या १८८१च्या निबंधात त्याने ती वापरली. वाचताना कोण आणि केव्हा हे तिथल्या तिथे कळते, हा तिचा मोठा गुण. नुसत्या [१२] या आकड्यातून ते कळत नाही. पण आकडा कधी संदिग्ध नसतो. नाव आणि साल संदिग्ध होऊ शकतात, आणि ते केव्हा होतील हे अख्खी यादी समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. मला हा प्रश्न टंकलेखनाचा वाटत नाही, तो गणनाचा आहे.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली स्टॅनफर्डमध्ये ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे काम हाती घेतले. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ रचले आणि १९८५मध्ये ओरेन पटाश्निक यांनी ‘बिबटेक’ लिहिले. बिबटेकमागची कल्पना आजही टिकून आहे. ग्रंथाची माहिती एका फाइलीत ठेवायची, ती कशी छापायची याचे नियम दुसरीत, आणि लेखात फक्त एक खूण टाकायची. नियतकालिकाने शैली बदलायला सांगितली की शेकडो नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत, नियमांची फाइल बदलली की झाले.

नवशिक्याला मात्र एका गोष्टीचे कोडे पडते. तीच फाइल पुन्हा पुन्हा का चालवायची? पहिल्या फेरीत लाटेकला फक्त खुणा दिसतात. त्यांची यादी तो एका साहाय्यक फाइलीत लिहून ठेवतो आणि पानावर प्रश्नचिन्हे छापतो. मग बिबटेक ती यादी वाचतो, नोंदी शोधतो, त्या क्रमाने लावतो आणि सूची तयार करतो. दुसऱ्या फेरीत लाटेक ही सूची वाचतो आणि प्रत्येक नोंदीचे नाव-साल टिपून घेतो. ते मजकुरातल्या कंसांत उमटते तिसऱ्या फेरीत. एकाच लेखकाची एकाच वर्षीची दोन पुस्तके असतील, तर कोणते १९६१अ आणि कोणते १९६१आ हेसुद्धा सूचीचा क्रम लागल्यावरच ठरते.

चार-पाच जणांनी मिळून लिहिलेल्या लेखांत गुंता वाढतो. (काळे व इतर २०१०) हे दोन वेगवेगळ्या गटांना लागू पडत असेल, तर दुसरे नावही द्यावे लागते. तेही सारखे निघाले, तर आद्याक्षरे जोडावी लागतात, आणि आद्याक्षरे जोडली की आधी काढलेला निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. ‘बिबलाटेक’ या नव्या संचाचा जोडीदार ‘बायबर’ हे चक्र काहीच बदलेनासे होईपर्यंत फिरवतो.

मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. ‘नॅटबिब’सारख्या संचात दोन आज्ञा असतात. एक सगळा संदर्भ कंसात घालते, दुसरी नाव वाक्यात ठेवून फक्त साल कंसात टाकते. इंग्रजीत तेवढे पुरते. मराठीत ‘कर्वे’चे ‘कर्व्यांनी’ होते आणि यंत्र नाव मूळ रूपातच छापते. म्हणून ‘कर्वे (१९५३) यांनी’ अशी रचना सोयीची पडते.

वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय सांकेतिक तक्त्यावरून आली. सर्व भारतीय लिप्यांना सामावणाऱ्या त्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या शेजारी आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. बिबटेक नुसते संकेतांक पाहतो, त्यामुळे कालेलकर, काळे, काशीकर, कासार असा क्रम लागतो. मराठी वाचक काळे यांना कासार यांच्यानंतर शोधेल. बायबरला क्रमाची भाषा मराठी आहे असे सांगता येते. ती एक ओळ आपल्या विद्यापीठांच्या प्रत्येक प्रबंध-नमुन्यात आधीपासूनच असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सगळ्यात नाजूक जागा आद्याक्षरांची. ‘धोंडो’चे आद्याक्षर ‘धों’. संगणकाच्या लेखी त्यात ध, ओकार आणि अनुस्वार असे तीन संकेत आहेत आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत त्यांचे नऊ बाइट होतात. बिबटेक बाइटच मोजतो. त्याला संक्षेप करायला सांगितले, तर तो नवातला पहिला बाइट तेवढा उचलतो आणि त्यातून कोणतेच अक्षर उमटत नाही. नवी साधने पूर्ण अक्षरगट पाहतात, म्हणून ‘धों’ शाबूत राहतो. जोडाक्षराचा प्रश्न मात्र बराच काळ तसाच होता. युनिकोडच्या नियमात ‘प्र’ म्हणजे ‘प्’ आणि ‘र’ असे दोन गट धरले जात. प्रल्हाद केशव अत्रे यांचे आद्याक्षर त्या हिशेबाने ‘प्’ निघते. २०२३च्या १५.१ या आवृत्तीत हा नियम बदलला आणि देवनागरीतले जोडाक्षर एकच गट मानले जाऊ लागले. जिथे जुना नियम अजून चालू आहे, तिथे नोंद करतानाच ‘अत्रे, प्र. के.’ असे लिहून द्यावे आणि संक्षेपाचे काम यंत्रावर सोपवू नये.