किशोरांच्या कादंबऱ्या, लेखांक ७ : पिस्तूल हातात दिलं कुणी?

मागच्या लेखांकात कुमारांच्या कादंबऱ्यांमधल्या गैरहजर आईबापांबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचक बाईंनी कळवलं, की आईबाप नसतात ते एक वेळ चालेल, पण या पुस्तकांत एवढे मुडदे कशाला पडतात? चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी धनुष्यबाण नाहीतर पिस्तूल घेऊन सूड उगवत हिंडायचं, आणि त्याला आपण वाचनाची गोडी म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. आजचा लेखांक त्यावरच. मात्र शेवट फोडल्याशिवाय हा विषय मांडता येत नाही. ज्यांच्या घरी ‘हंगर गेम्स’चा तिसरा भाग अर्धा वाचून उपडा ठेवलेला आहे, त्यांनी तो आधी संपवावा.

सूडकथा या वयाला का भावते, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. पंधराव्या वर्षी अन्याय लख्ख दिसतो आणि तो दूर करायची साधनं हातात नसतात. मत देता येत नाही, वकील करता येत नाही, मोठी माणसं ‘जाऊ दे’ म्हणतात. कादंबरीकार ही कोंडी आणखी आवळतो. त्याच्या जगात कोर्ट तरी नसतं, नाहीतर ते शत्रूच्या खिशात असतं. मग नायक किंवा नायिका स्वतःच न्यायाधीश होते आणि शिक्षा देणाराही होते. सुमार कादंबरी इथेच थांबते : खलनायक मेला, हिशेब चुकता झाला, टाळ्या. चांगली कादंबरी पुढे जाऊन एक अवघड गोष्ट विचारते. हे हत्यार तुझ्या हातात आलं कुठून? दिलं कुणी, आणि देणाऱ्याचा त्यात काय फायदा होता?

‘हंगर गेम्स’च्या तिसऱ्या भागात, म्हणजे सुझान कॉलिन्सच्या ‘मॉकिंगजे’मध्ये (२०१०), हा प्रश्न अगदी शेवटी येतो. पॅनेम नावाच्या देशात कॅपिटॉलची सत्ता आहे. बारा जिल्ह्यांनी कधीकाळी बंड केलं होतं, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची, चोवीस जणांना रिंगणात सोडायचं आणि एकच उरेपर्यंत मारामारी लावायची. ते सगळ्यांना टीव्हीवर दाखवायचं. ही पद्धत करारात लिहिलेली आहे, तिचे समारंभ आहेत, भाषणं आहेत. म्हणजे सूडाला सरकारी शिक्का मारला की तो किती सभ्य दिसतो, हे लेखिकेने पहिल्या भागातच दाखवून ठेवलं आहे. तिसऱ्या भागात बंडखोर जिंकतात. पण जिंकता जिंकता नायिका कॅटनिसची तेरा वर्षांची बहीण प्रिम मरते. कॅपिटॉलच्या वाड्यासमोर कोंडून ठेवलेल्या मुलांवर बॉम्ब पडतात, जखमींना वाचवायला शुश्रूषा पथक धावतं, आणि तेवढ्यात उरलेले बॉम्ब फुटतात. त्या पथकात प्रिम होती. आधी स्फोट, मग माणसं मदतीला धावून येईपर्यंत थांबायचं, मग दुसरा स्फोट, अशा सापळ्याची आखणी कॅटनिसचा बालमित्र गेल यानेच बीटी या यंत्रज्ञासोबत बसून केली होती. कॅटनिसने तेव्हा हरकत घेतली, तर गेलचा युक्तिवाद असा, की शत्रू ज्या नियमांनी लढतो त्याच नियमांनी आपणही लढतोय.

यानंतर बंडखोरांची अध्यक्ष आल्मा कॉइन जिवंत उरलेल्या सात विजेत्यांना बोलावते आणि एक प्रस्ताव ठेवते. लोकांच्या मनात राग आहे, रक्त हवं आहे. कॅपिटॉलच्या सगळ्या लोकांना मारण्यापेक्षा एक शेवटचा खेळ घेऊ, या वेळी सत्ताधाऱ्यांची मुलं रिंगणात. मतदान होतं. पीटा, अ‍ॅनी आणि बीटी विरोधात. जोहाना आणि एनोबारिया बाजूने. कॅटनिस ‘हो’ म्हणते, प्रिमच्या नावाने. हेमिच तिच्यासोबत जातो. चार विरुद्ध तीन, प्रस्ताव मंजूर! मग चौकात कॅपिटॉलच्या पाडलेल्या अध्यक्षाला, स्नोला, बाण मारायची वेळ येते आणि ती बाण कॉइनला मारते.

तिचं ‘हो’ खरं होतं की कॉइनचा विश्वास मिळवायचा डाव, यावर वाचकांची भांडणं अजून चालू आहेत. डावाचा अर्थ लावला की नायिका स्वच्छ राहते, म्हणून तो लोकप्रिय आहे. मला तो पटत नाही. मला वाटतं, त्या क्षणी तिला ती मुलं मेलेली चालणार होती. आणि म्हणूनच ते पान वाचताना घशाशी येतं. मात्र कॉइनकडे लक्ष द्या. तिला प्रिमशी देणंघेणं नाही. तिला लोकांचा राग वाट काढून हवा आहे आणि खुर्ची पक्की हवी आहे. दुःख कॅटनिसचं आहे, आणि ते वापरते कॉइन.

जेसन रेनॉल्ड्सच्या ‘लाँग वे डाउन’मध्ये (२०१७) अशी कुणी कॉइन नाही, म्हणून ती कादंबरी मला जास्त अस्वस्थ करते. ही मुक्तछंदात लिहिलेली कादंबरी आहे. पानावर थोड्याच ओळी, बाकी कोरी जागा. अमेरिकेतल्या एका गरीब काळ्या वस्तीत विल नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा राहतो. आईच्या हातांना इसब आहे, तिला एक विशिष्ट साबण लागतो. थोरला भाऊ शॉन तो आणायला जातो आणि परतताना गोळी लागून मरतो. पोलीस येतात, विचारतात, कुणी तोंड उघडत नाही. कारण वस्तीत तीन नियम आहेत : रडायचं नाही, चुगली करायची नाही, आणि आपल्या माणसाला मारणाऱ्याला मारायचं. हे नियम विलला शॉनने शिकवले, शॉनला वडिलांनी, आणि वडिलांनाही कुणीतरी शिकवलेच होते. सकाळी शॉनच्या खणातलं पिस्तूल कमरेला खोचून विल आठव्या मजल्यावरून लिफ्टमध्ये शिरतो. तळमजल्यावर पोचायला मिनिटभर लागतं. कादंबरी तेवढ्या वेळातच घडते.

मारायचं कुणाला? रिग्ज नावाच्या एकाला. त्यानेच मारलं कशावरून? इथे विल कारणं देतो आणि ती वाचण्यासारखी आहेत. साबणाचं दुकान ज्या टोळीच्या हद्दीत आहे, त्या टोळीत रिग्ज शिरू पाहत होता. आणि दुसरं कारण असं, की विल लहानपणापासून आईबरोबर टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघत आलाय आणि खुनी कोण हे त्याला पोलिसांच्या आधी कळतं. झाला तपास! एवढ्या भांडवलावर एक पंधरा वर्षांचा मुलगा माणूस मारायला निघाला आहे. लेखक त्याला हसत नाही, वाचकालाही हसू देत नाही, कारण विलची खात्री पूर्ण प्रामाणिक आहे.

मग प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते आणि आत एक मेलेलं माणूस येतं. सातव्या मजल्यावर बक, ज्याने शॉनला पिस्तूल दिलं होतं; तो विलला गोळ्या मोजायला लावतो आणि एक कमी भरते. सहाव्यावर डॅनी, आठ वर्षांची असताना खेळाच्या मैदानात भटकी गोळी लागून गेलेली विलची मैत्रीण. पाचव्यावर काका. चौथ्यावर वडील. ते कशाने गेले? खचून गेले, असंच विलला घरात सांगितलं होतं. आता कळतं, की त्यांनीही नियम पाळला होता. भावाचा खून झाला म्हणून ते पिस्तूल घेऊन गेले, एकाला मारून आले, आणि तो माणूस चुकीचा होता. तिसऱ्या मजल्यावर फ्रिक येतो, विलला अनोळखी. बकला मारणारा हाच, आणि ती कमी भरलेली गोळी याच्याच अंगात गेली, मारणारा शॉन. दुसऱ्यावर शॉन येतो. लिफ्ट खाली पोचेपर्यंत तो एक शब्द बोलत नाही. तो रडतो, म्हणजे पहिला नियम मोडतो.

लिफ्ट खाली पोचते, दार उघडतं, आणि विल पुढे काय करतो ते रेनॉल्ड्स सांगत नाही. तरुणपणी त्याच्या एका मित्राचा खून झाला तेव्हा तो आणि त्याचे मित्र असेच निघण्याच्या बेतात होते आणि मेलेल्या मुलाच्या आईने त्यांना थांबवलं, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. कादंबरीत अडवणारं जिवंत माणूस एकही ठेवलेलं नाही. या पुस्तकाला २०१८ साली न्यूबेरी आणि प्रिन्ट्झ या दोन्ही पुरस्कारांचा सन्मान मिळाला.

वडिलांनी चुकीचा माणूस मारला, हा या साऱ्याचा गाभा आहे असं मला वाटतं. न्यायाला आधी विचारावं लागतं, की हे केलं कुणी, कशावरून, आणि आरोपीचं म्हणणं काय. सूडाला यातलं काहीच लागत नाही. ‘हॅरी पॉटर’च्या तिसऱ्या भागातही (१९९९) हेच आहे, फक्त ते जादूच्या धांदलीत निसटून जातं. सिरियस ब्लॅकला चौकशीशिवाय बारा वर्षं तुरुंगात डांबलं होतं, आणि तिथून पळाल्यावर तोच खऱ्या गुन्हेगाराला, पेटिग्रूला, चौकशीशिवाय मारायला निघतो. तेरा वर्षांचा हॅरी मध्ये पडतो : याला मारू नका, जिवंत न्या आणि तुरुंगात पाठवा. पेटिग्रू वाटेत पळून जातो, हा भाग वेगळा.

मॅलरी ब्लॅकमनच्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मध्ये (२००१) सूडाचा फेरा पिढ्यांवर जातो. या जगात सत्ता काळ्यांकडे, म्हणजे क्रॉसेसकडे आहे आणि गोरे नॉट्स दबलेले. बॉम्बस्फोटाच्या खटल्यात मुलाला वाचवायला बाप गुन्हा पत्करतो आणि पुढे तुरुंगात जिवाला मुकतो. धाकटा मुलगा कॅलम सशस्त्र टोळीत जातो, जिच्यावर जीव आहे त्या सेफीचं, गृहमंत्र्याच्या मुलीचं, अपहरण करतो आणि फासावर चढतो. त्यांची मुलगी कॅली रोझ बापाच्या मृत्यूनंतर जन्मते. ‘चेकमेट’मध्ये (२००५) कॅलमचा भाऊ जूड, तिचा सख्खा काका, तिला गोड बोलून जवळ करतो, बापाबद्दल कान भरतो आणि अंगावर बॉम्ब बांधून आजोबांना मारायला तयार करतो. तिला वाटतं, आपण बापाला न्याय मिळवून देतोय. शेवटी तिची आजी तो बॉम्ब घेऊन जूडकडे जाते आणि दोघंही मरतात. इथे लेखिकेचं मला पटत नाही. फेरा थांबवायला आणखी एक स्फोटच लागावा, ही हार आहे, आणि पुस्तक ती हार म्हणून मांडतही नाही. जूडचं चित्रण मात्र अस्सल आहे.

कान भरणारा वडीलधारा हे पात्र आपल्याला नवं नाही. महाभारत सांगितलं गेलं तेच मुळी सर्पसत्रात. परीक्षिताला तक्षक डसला, त्याचा सूड म्हणून जनमेजय सगळ्याच सापांना आगीत ओढतोय, असा तो प्रसंग. पण जनमेजयाला हे सुचवलं कुणी? उत्तंकाने. आणि उत्तंकाचं तक्षकाशी स्वतःचं जुनं वैर होतं, गुरुदक्षिणेची कुंडलं तक्षकाने पळवली होती. बापाच्या मरणाची आठवण त्याने राजाला करून दिली ती या हिशेबाने. आधीचा धागाही एका पोराचाच : परीक्षिताने ध्यानस्थ शमीकाच्या गळ्यात मेलेला साप टाकला म्हणून चिडलेल्या शृंगीने, ऋषीच्या कोवळ्या मुलाने, शाप दिला, बापाला ते मुळीच आवडलं नाही. आणि सत्र थांबवतो तोही एक मुलगाच, आस्तीक. बाप ऋषी, आई नागकन्या, म्हणजे दोन्हीकडचा. साप दिसला की आपल्या जुन्या घरांतून आस्तिकाचं नाव घेत, ते याच मुलाचं. तो तलवार काढत नाही. राजा वर द्यायला कबूल होईपर्यंत यज्ञाची स्तुती करतो आणि मग ‘हे थांबव’ एवढंच मागतो. तक्षक सुटतो. म्हणजे परीक्षिताच्या मृत्यूचा न्याय झाला का? नाही झाला. महाभारत ते लपवत नाही.

तेव्हा वाचक बाईंना माझं उत्तर असं : मुडदे पडतात ही तक्रार करण्याऐवजी ते कसे पडतात ते बघा. ज्या पुस्तकात मेलेल्याला नाव नाही, मारणाऱ्याला रात्री झोप लागते आणि खलनायक कड्यावरून आपसूक घसरून पडतो, ते पुस्तक मुलांच्या हाती गेलं नाही तरी काही बिघडत नाही. ‘लाँग वे डाउन’ मात्र नववी-दहावीतल्या मुलाला जरूर द्या. इंग्रजी सोपं आहे, दोन तासांत संपतं. आधी स्वतः वाचा. ‘मॉकिंगजे’ वाचून झालेलं मूल घरात असेल, तर त्याला विचारा, की त्या सात जणांत तू असतास तर मत कोणत्या बाजूने दिलं असतंस. ‘हो’ असं उत्तर आलं तर लगेच रागावू नका. कारण विचारा आणि मला कळवा. निवडक उत्तरं पुढच्या लेखांकात घेऊ.