सरासरीत विरघळणारा आवाज

बुलेट ट्रेनला होणारा विरोध दोन तऱ्हेचा असतो. ज्यांची जमीन जाते त्यांचा एक. पालघरमध्ये ग्रामसभांनी मुंबई-अहमदाबाद मार्गाविरुद्ध ठराव केले ते मुख्यतः याच कारणाने. दुसरा विरोध जमीन न गेलेल्यांचा. घर जागेवरच राहतं, फक्त शेजारून गाडी धावू लागते. पहिल्यांसाठी निदान मोबदल्याचा कायदा आहे. दुसऱ्यांना आधी आपला त्रास मोजून दाखवावा लागतो, आणि खरी मेख त्या मोजण्यातच आहे.

याचा धडा जपानमध्ये मिळतो. टोकियो-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. नागोया शहरात तिचा उन्नत मार्ग दाट वस्तीतून जातो. तिथल्या काही लोखंडी पुलांवर रुळांखाली खडी नव्हती. चाकांचा दणका थेट गर्डरमध्ये उतरे आणि अख्खा पूलच वाजू लागे. खांबांतून जमिनीत गेलेले हादरे घरांपर्यंत पोचत ते वेगळेच. १९७४ मध्ये सात किलोमीटरच्या पट्ट्यातले ५७५ रहिवासी न्यायालयात गेले. आवाज आणि हादरे मर्यादेत आणा, म्हणजे व्यवहारात गाडी हळू न्या, आणि भरपाई द्या, अशी त्यांची मागणी होती. १९८० मध्ये भरपाई मंजूर झाली, पण वेगाला न्यायालयाने हात लावला नाही. इथे गाडी हळू केली तर मार्गभर तेच करावं लागेल, हा त्यामागचा युक्तिवाद. १९८५ मध्ये उच्च न्यायालयानेही वेग कमी करायला नकार दिला आणि १९८६ मध्ये तडजोड झाली.

मला निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो खटला चालू असताना, १९७५ मध्ये, आलेला शिंकान्सेनपुरता आवाजाचा निकष: राहत्या वस्तीत ७० डेसिबल, व्यापारी व औद्योगिक भागात ७५. मोजायची रीत अशी: लागोपाठ २० गाड्या घ्यायच्या, प्रत्येकीचा सर्वोच्च आवाज टिपायचा आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दहांची सरासरी काढायची. मधली शांतता हिशेबात येतच नाही.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, पण ती पूर्ण वेळाची सरासरी. समजा, दर दहा मिनिटांनी एक गाडी दहा सेकंद ७० डेसिबलने गेली. बाकी सगळं शांत धरलं तर सरासरी येते ५२ च्या आसपास. कागदावर त्रास नाही! बाळ मात्र दर गाडीला दचकून उठणार.

आता उपायाचं. मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या उन्नत भागावर काँक्रीटचे ध्वनिरोधक बसवले जात आहेत: रुळापासून दोन मीटर उंच, एक मीटर रुंद, प्रत्येकी सुमारे ८३० ते ८४० किलो. वस्तीजवळ उंची तीन मीटर. चाकांचा आवाज खालीच उठतो, तो ही भिंत बऱ्यापैकी अडवते. पण वेग वाढला की हवा कापण्याचा आवाज चाकांच्या आवाजापेक्षा फार झपाट्याने वाढतो, आणि गाडी तर ताशी ३२० किलोमीटरने धावायची आहे. त्यातला पेंटोग्राफचा, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याचा, आवाज गाडीच्या टपावर, म्हणजे भिंतीच्याही वर. उन्नत मार्गाच्या बरोबरीला किंवा वर ज्यांची खिडकी येते, त्यांना भिंतीचा उपयोग सर्वांत कमी. जपानी पद्धतीतही मोजणी घराबाहेर, जमिनीपासून १.२ मीटरवर होते; चौथ्या मजल्यावरचा रहिवासी तिच्यातही बसत नाही. जनसुनावणीत भिंत किती उंच, एवढंच विचारून भागणार नाही. कितव्या मजल्यावर मोजणार आणि सर्वोच्च आवाज धरणार की सरासरी, हे प्रश्न त्याआधीचे आहेत.